दुसरी, हातच्याची वजाबाकी: 52 − 27 कधी 35 येतं, कधी 15

राजेंद्रनगरवाले

नमस्कार. मुलगी दुसरीत आहे, इंदूरलाच, इंग्लिश मीडियम. या आठवड्यात वर्गात दोन अंकी हातच्याची वजाबाकी सुरू झाली. बिनहातच्याची पक्की आहे, 58 − 23 सारखी गणितं पटापट करते.

वर्गात मॅडम वरचा अंक खोडून डोक्यावर नवा लिहायला लावतात: 5 खोडून 4, आणि 2 च्या जागी 12. घरी आमची आई तिला आपल्या रीतीनं सांगते: "बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन नि एक तीन. पाचातून तीन गेले दोन." दोन्हीकडे उत्तर 25च. पण पोरीच्या कॉपीत 52 − 27 कधी 35 आहे, कधी 15. 81 − 36 कधी 55, कधी 35.

चूक नेमकी कुठे होतेय? आईची रीत बंद करायची का? आणि घरी सराव कशावर घ्यावा? खजूरी बाजारात मण्यांचा अबॅकस बघून ठेवलाय, तो घेऊ का?

चौकड्यांची_वही

15 चं उत्तर सोपं आहे. पोरगी दोन्ही रीती एकाच गणितात वापरतेय. मॅडमचं ऐकून वरचे 5 खोडून 4 केले, आजींचं ऐकून खालचे 2 चे 3 केले, मग 4 − 3 = 1. एक दहा घेतला आणि दोनदा परत केला. 81 − 36 = 35 पण तसंच: 8 चे 7, 3 चे 4.

35 ची गोष्ट वेगळी, तिथे दोन निराळ्या चुका एकाच उत्तरावर पोचतात. एक, मूल एककात उलटी वजाबाकी करतं: 2 तून 7 जात नाहीत, मग 7 तून 2 काढतं. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे पहिलीत घोटून घेतलेलं असतं, त्याचा हा परिणाम. दोन, मूल 12 करतं, 7 काढतं, पण डावीकडचे 5 चे 4 करायचे विसरतं. दोन्हीत एककाला 5 येतात आणि दशकाला 3. तुमच्या दोन्ही उदाहरणांत एककांतला फरक नेमका 5 आहे (7 आणि 2, 6 आणि 1), आणि फरक 5 असला की 7 − 2 आणि 12 − 7 एकच येतं. म्हणून कॉपी बघून काही कळणार नाही.

तिला 61 − 24 द्या आणि काही न सांगता बघा.
37 आलं तर बरोबर.
43 आलं तर उलटी वजाबाकी (4 − 1).
47 आलं तर दहा घेतला, पण 6 चे 5 केले नाहीत.
27 आलं तर दोन रीतींची खिचडी.

दुसरं कुठलंही हातच्याचं गणित चालेल, फक्त एककांतला फरक 5 नको. आणि गणित लिहून द्या, तोंडी सांगू नका. घरात मराठी-हिंदी ऐकणारं मूल "एकसष्ट" ऐकून आधी 1 लिहितं, मग 6, आणि 16 मांडून बसतं. ती चूक वजाबाकीची नव्हे, पण धरली तिच्यातच जाते.

सुट्ट्या_काड्या

अबॅकस आत्ता नको. खांबावरचा एक मणी म्हणजे दहा, हे मुलानं मानून घ्यावं लागतं. तो मणी उघडून आत दहा दिसत नाहीत. दहा काड्यांची जुडी उघडते, म्हणून आधी जुड्या.

सामान: कुल्फीच्या 100 काड्या आणि 10 रबर बँड. खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडल्या तरी चालतं. गुल असलेल्या काडीपेटीच्या काड्या नकोत. जुड्या मुलीकडूनच बांधून घ्या, दहा-दहा मोजून. तुम्ही बांधून दिल्यात तर आत दहाच आहेत यावर तिचा भरवसा बसत नाही आणि ती प्रत्येक वेळी मोजत बसते.

52 − 27 असं करा:

डावीकडे 5 जुड्या, उजवीकडे 2 सुट्ट्या. फक्त वरची संख्या मांडायची. 27 कागदावरच राहू द्या. बहुतेक घरी इथेच घोळ होतो: दोन्ही संख्या काड्यांनी मांडतात, मग पोर काय काढायचं हे न कळून सगळ्या काड्या एकत्र मोजतं.

"सात काढ" म्हणा. दोनच आहेत. आता थांबा, तिला सुचू द्या. ती एका जुडीचं रबर काढेल. रबर निघालं की लगेच कागदावर 5 खोडून 4, आणि 2 खोडून 12. आधी काड्या, लगेच पेन्सिल, हा क्रम सोडू नका. सगळ्या काड्या हलवून झाल्यावर शेवटी लिहायला बसलात तर खोडण्याचा आणि रबर निघण्याचा संबंध तुटतो, आणि मग 5 चे 4 करायचं राहून जातं.

मग 7 काढा, 5 उरल्या. 2 जुड्या काढा, 2 उरल्या. 25. पडताळा म्हणून काढलेल्या 27 परत आणा आणि 52 होतात का बघा.

रोज पाच गणितं काड्यांवर पुरे. तीन-चार दिवसांनी काड्या बाजूला ठेवून चित्र: जुडीसाठी उभी रेघ, सुट्टीसाठी ठिपका. एक रेघ खोडायची, तिच्याऐवजी दहा ठिपके मांडायचे. त्यानंतर नुसते आकडे. चित्राची पायरी गाळली की काड्यांवर सगळं येतं आणि कॉपीत काहीच येत नाही. ही तक्रार फार ऐकू येते.

दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी चित्रानंतर आणा. नोटसुद्धा उघडत नाही, ती दुकानदाराकडून सुट्टी करून घ्यावी लागते.

एक राहिलं. कॉपी चौकडीचीच घ्या, एका चौकडीत एक अंक, आणि वर एक ओळ मोकळी. खोडलेल्या अंकाच्या डोक्यावरचे 12 कोंबून लिहिले की 1 शेजारच्या खान्यात सरकतो आणि 4 चे 41 होतात.

जुनी_पाटी

आजींच्या बाजूनं बोलायला कुणीतरी हवं. त्यांची रीत चूक नाही, त्यातली युक्ती फक्त डोळ्यांना दिसत नाही. वर दहा सुट्टे मिळवले, खाली एक दशक मिळवला. दोन्ही संख्यांत दहाच वाढले, म्हणून फरक तोच राहिला. 52 − 27 ऐवजी त्या (50 + 12) − (30 + 7) करतात.

पुढे तिसरीत मधल्या शून्याची गणितं आली की हीच रीत सरळ जाते. 402 − 178: बारातून आठ गेले चार. सात नि एक आठ, दहातून आठ गेले दोन. एक नि एक दोन, चारातून दोन गेले दोन. 224. खोडायच्या रीतीत इथे 4 चे 3, शून्याचे 9 आणि 2 चे 12, असं सगळं एकदम करावं लागतं. मूल शून्य ओलांडून थेट शतकातून सुट्टे आणतं, मग शून्यासाठी पुन्हा शतकातूनच घेतं आणि 134 लिहून येतं.

पण काड्यांवर ही रीत दाखवता येत नाही. बाहेरून दहा काड्या आणायच्या आणि काढायच्या संख्येतही दहा वाढवायचे, हे सात वर्षांच्या पोराला पटत नाही. म्हणून आत्ता वर्गाची रीत, आणि वर्षभर तिला धक्का नको. आजींना पडताळ्याचं काम द्या: उत्तर आणि खालची संख्या मिळवून वरची येते का, ते त्यांनी बघावं. बेरजेत हातचा दोघींचा सारखाच आहे.

राजेंद्रनगरवाले

61 − 24 दिलं. 27 आलं. आणि 11 तून 4 काढताना बोटं मोजते, मग कुठवर आलो ते विसरते.

चौकड्यांची_वही

27 म्हणजे खिचडीच. आता महिनाभर घरात "हातचा" म्हणू नका, "जुडी उघडली" म्हणा. शाळेत तुमच्याकडे जे म्हणतात, टेन्स-वन्स किंवा दहाई-इकाई, तेच चालू ठेवा. खालच्या ओळीतल्या अंकाला पेन्सिल लावायची नाही, एवढा एकच नियम द्या. खिचडी तेवढ्यानं थांबते.

बोटांचं जरा जास्त महत्त्वाचं आहे. 11 ते 18 मधून एक अंकी संख्या काढून एक अंकीच उत्तर उरतं अशा जोड्या एकूण 36. त्या पाठ करायला लावू नका. उघडलेल्या जुडीतूनच काढायला शिकवा: 11 − 4 म्हणजे जुडीच्या दहातून 4 गेले 6, बाहेरचा 1 मिळवला, 7. 12 − 7 म्हणजे दहातून 7 गेले 3, बाहेरचे 2, झाले 5. यासाठी दहाच्या जोड्या तेवढ्या तोंडावर हव्यात: 1-9, 2-8, 3-7, 4-6, 5-5. रिक्षात, जेवताना विचारत राहा, "सात, तर किती?" असं. त्या बसल्या की बोटं आपोआप सुटतात.

सरावात सगळी गणितं हातच्याची देऊ नका. दहात चार बिनहातच्याची मिसळा. नाहीतर पोर न बघताच जुडी उघडायला लागतं, 58 − 23 मध्येही 8 चे 18 करतं आणि उत्तर 215 लिहितं. प्रत्येक गणितात पहिला प्रश्न एकच: "सुट्ट्या पुरतात का?" हो किंवा नाही, तोंडानं म्हणू द्या.

सुट्ट्या_काड्या

शाब्दिक गणितं पुढच्या आठवड्यात येतील, त्याची आताच कल्पना असू द्या. "पोह्याच्या 34 प्लेटी, जलेबीच्या 18, तर पोह्याच्या किती जास्त?" इथे काढून टाकायला काहीच नाही, आणि "जास्त" दिसलं की मूल बेरीज करतं, 52. यात मात्र दोन्ही संख्या मांडायच्या, एकाखाली एक ओळीत, सुट्ट्या काड्यांच्या. 34 आणि 18 च्या ओळी लांब होतात, म्हणून सुरुवात 9 आणि 5 वर करा. वरच्या ओळीत जोडी न मिळालेल्या काड्या तिनं स्वतः दाखवल्या की मगच मोठ्या संख्या.