आयटीआयच्या खासगी भागीदारीतील ‘नोकरीची हमी’ नेमकी कोणावर बंधनकारक असते?

बालाघाट:
नमस्कार. आमच्या तालुक्यातील शासकीय आयटीआय एका उद्योगसमूहाच्या भागीदारीत चालवण्याचा प्रस्ताव असून त्यासाठी पालक आणि ग्रामपंचायत सदस्यांची बैठक नुकतीच झाली. जोडारी (फिटर), वीजतंत्री आणि संधाता (वेल्डर) या व्यवसायांच्या मुलांना प्रशिक्षण संपताच नोकरीची हमी मिळेल, असे तेथे सांगण्यात आले. वाटलेल्या पत्रकातही ‘हमी’ ठळक अक्षरांत छापलेली आहे. मात्र ती कोण देणार, किती पगाराची, किती काळाची आणि पाळली गेली नाही तर दाद कोणाकडे मागायची, याविषयी त्यात एक ओळही नाही.

मी सदस्य या नात्याने हे विचारतो आहे, कारण आमच्या गावातील काही मुले यापूर्वी अशाच आश्वासनावर चाकणला गेली होती. नियुक्तिपत्र कारखान्याचे नव्हे, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे निघाले. खोलीभाडे, खानावळ आणि गाडीभाडे वजा जाता घरी पाठवण्याजोगे काही उरेना, आणि दिवाळीला गावी आलेली मुले परत गेली नाहीत. संस्थेच्या फलकावर मात्र ती अजूनही ‘नोकरीस लागलेले विद्यार्थी’ म्हणून झळकत आहेत. भागीदारीला माझा विरोध नाही. ठरावावर सही करण्याआधी काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त शिल्प निदेशक:
मी या खात्यात जोडारी व्यवसाय शिकवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भागीदारी ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. केंद्र शासनाने 2007-08 पासून देशातील 1,396 शासकीय आयटीआय खासगी भागीदारीतून सुधारण्याची योजना राबवली. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला (इंग्रजीत आयएमसी) अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळाले. पहिली 10 वर्षे परतफेड नाही आणि पुढील 20 वर्षांत हप्ते, अशी त्याची रचना होती. समितीचा अध्यक्ष उद्योगाचा प्रतिनिधी आणि सचिव प्राचार्य. 20 टक्क्यांपर्यंत जागा भरण्याचा अधिकारही समितीला मिळाला, ज्यांना आपण आजही ‘आयएमसी कोटा’ म्हणतो.

जेथे अध्यक्षांनी मनापासून लक्ष घातले तेथे फरक पडला. त्यांच्या कारखान्यातील माणसे कार्यशाळेत येऊन कामाचे नमुने दाखवत, मुलांना खऱ्या मापाचे, खऱ्या टॉलरन्सचे (मापात चालणाऱ्या बारीक फरकाचे) काम हाताळायला मिळे, आणि ‘कानस सरळ चालत नाही’ हे परीक्षेच्या आधीच कोणीतरी सांगत असे. जेथे समितीची बैठक केवळ इतिवृत्तापुरती होत असे, तेथे यंत्रे आली, पण त्यांच्यावर कच्चा माल चढला नाही. निदेशकांच्या जागा रिकाम्याच राहिल्या, आणि रिकाम्या जागेवर यंत्र काय शिकवणार? म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न नोकरीचा नाहीच. शिकवणार कोण, त्याची नेमणूक आणि पगार कोण करणार, आणि सरावासाठीचा पोलाद, इलेक्ट्रोड व तारांचा वार्षिक खर्च कोणाच्या माथी, हे आधी विचारा. ज्या मुलाच्या हाताला काम येते, त्याची हमी बरीचशी तेथेच तयार होते.

राज्य शासनाने 2025 मध्ये मंजूर केलेल्या धोरणात भागीदाराने 10 वर्षांसाठी किमान 10 कोटी किंवा 20 वर्षांसाठी किमान 20 कोटी रुपये द्यावेत, असे आहे. आपल्याकडील प्रस्ताव त्या धोरणाखालचा असेल, तर या रकमेपैकी किती बांधकामावर आणि किती शिकवण्यावर खर्च होणार, हेही लेखी मागा.

कारखाना प्रशिक्षण विभाग:
मी उद्योगाच्या बाजूने लिहितो. दोन वर्षांनंतर मागणी किती असेल हे आम्हालाही ठाऊक नसते, त्यामुळे सरसकट शंभर टक्के हमी देणाऱ्याविषयी मला स्वतःला शंका येते. मात्र कायद्याने सगळे मोकळे सोडलेले नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) अधिनियमातील कलम 22 नुसार पूर्वी उमेदवारी संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नव्हते. 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेने अशा उमेदवारांच्या भरतीचे स्वतःचे धोरण ठरवले पाहिजे, अशी तरतूद झाली. त्याच कलमात असेही आहे की, उमेदवारीनंतर त्याच मालकाकडे काम करण्याची अट करारात असेल, तर योग्य नोकरी देऊ करणे मालकावर बंधनकारक ठरते. म्हणजे खरी हमी हवी असेल तर ती पत्रकात नव्हे, शिकाऊ उमेदवारीच्या करारात शोधावी लागते, कारण त्या करारावर उमेदवाराची स्वतःची सही असते.

पैनगंगा:
माझ्या धाकट्या भावाने ग्रामीण तरुणांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून प्रशिक्षण घेतले. 2014 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने किमान 70 टक्के उमेदवारांना नोकरी लावून देणे अपेक्षित असते आणि तिचे पैसे हप्त्यांनी, कामगिरी पाहून मिळतात. हे चांगलेच आहे. पण नोकरी मोजताना तीन महिन्यांचा हिशेब धरला जात असल्याने चौथ्या महिन्यात मुलगा कोठे आहे, याची आस्था संस्थेला उरत नाही. याच योजनेतील एक तरतूद मात्र मला फार मोलाची वाटते: नोकरी लागल्यावर राहण्या-जेवण्याचा सुरुवातीचा भार सोसावा म्हणून उमेदवाराला दरमहा 1,000 रुपये दिले जातात, जिल्ह्यात नोकरी असेल तर दोन महिने, राज्यात तीन आणि राज्याबाहेर सहा महिने. रक्कम तुटपुंजी असली तरी नव्या शहरातील पहिले महिनेच सर्वांत कठीण असतात, हे ज्याने ओळखले त्याला या मुलांची कळकळ होती. चाकणहून परतलेल्या मुलांना एवढा जरी आधार असता, तरी काहींनी तग धरला असता असे मला मनापासून वाटते.

बालाघाट:
सर्वांचे आभार. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्यात काम मागणाऱ्याला 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क होता, तशी काही तरतूद येथे मागता येईल का?

कारखाना प्रशिक्षण विभाग:
तसा कायदा येथे नाही. रोजगार हमीत मजूर थेट शासनाकडे हक्क मागत होता. येथे करार शासन आणि भागीदार यांच्यात होतो आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो मुलगा त्या करारात पक्षकारच नसतो. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याशी भागीदाराने स्वतंत्र करार करावा, त्यात किमान वेतन, नियुक्तिपत्र कोणाच्या नावाचे असेल ते, आणि मुलाला वर्षभर नोकरीवर न ठेवल्यास भागीदाराने काय द्यायचे ते लिहावे, अशी मागणी ठरावातच नोंदवा. मूळ कराराची प्रत माहिती अधिकाराखाली मागता येते.

निवृत्त शिल्प निदेशक:
यात एक भर घालतो. भागीदाराने इतरत्र चालवलेल्या एखाद्या आयटीआयमधील मागील तुकडी निवडा आणि त्या मुलांच्या संमतीने त्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात सलग 12 महिने वर्गणी जमा झाली आहे का, आणि ती कारखान्याच्या नावाने की कंत्राटदाराच्या, एवढेच पाहा. फलकावरील यादीपेक्षा ती नोंद विश्वासार्ह असते. ठरावाचा मसुदा येथे टाकलात तर त्यातील प्रशिक्षणाची कलमे मी तपासून देईन.