पुस्तक काढा म्हणतात, पण लेखी द्यायला कोणी तयार नाही

वाळवीचा_वैरी:
वाचनालयाच्या कमिटीत आहे, म्हणून विचारतोय. कोणीतरी येतं, अमुक पुस्तक काढा म्हणतं, मग उलट्या विचारांचं कोणी येऊन तमुक काढा म्हणतं, लेखी द्या म्हटलं की दोघंही गायब. कमिटीचं म्हणणं, कशाला वाद, तात्पुरतं आत ठेवून द्या. आत गेलेलं पुस्तक परत बाहेर आलंय का कधी? तुम्ही लोक काय करता?

शेल्फ_नंबर_सात:
तात्पुरतं वगैरे काही नसतं हो. पुस्तकं कशी निवडतो ते लिहून कमिटीत पास करून घ्या, तेही भांडण नसताना. आणि आक्षेपाचा फॉर्म ठेवा: पुस्तक पूर्ण वाचलंत का, कुठल्या पानावर हरकत आहे. बरेच जण पहिल्याच प्रश्नाला गळतात :) निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच. अर्थात फॉर्मने सगळं थांबत नाही, अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे तरी तिथल्या लायब्ररी असोसिएशनने 2023 मध्ये 4,240 वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप मोजले, कारण आता एकटादुकटा पालक येत नाही, संघटना तयार याद्या घेऊन येतात.

जुनं_दप्तर:
पुस्तक इथून गेलं तर दुसरीकडे मिळेल तरी, अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, एकच प्रत असते. श्रीलंकेतली जाफनाची लायब्ररी 1981 मध्ये जाळली, त्यात ताडपत्रावरची हस्तलिखितंही गेली. पुण्यात भांडारकर संस्थेवर जानेवारी 2004 मध्ये हल्ला झाला. पण ते निदान जगाला दिसतं. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, यादी करायला माणूस द्यायचा नाही, हा प्रकार कोणाला दिसतच नाही. फाइल नियमाने खुली, पण यादीतच नाही, मग मागणार कोण? बंदी घालायची गरजच नाही.

काचेच्या_पलीकडे:
थोडा विरोधी सूर लावतो. म्युझियमवाले दबाव म्हटलं की लगेच सेन्सॉरशिप म्हणून ओरडतात, ते दर वेळी खरं नसतं. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या एनोला गे विमानाचं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियममधलं प्रदर्शन 1995 मध्ये माजी सैनिकांच्या संघटना आणि तिथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) दबावाने रद्द झालं, नंतर विमानाचा भाग मांडला पण बॉम्बच्या परिणामांची मूळ मांडणी गेली, संचालकांनी राजीनामा दिला. हे वाईटच. पण ब्रिटिश सैन्याने 1897 मध्ये लुटलेले बेनिन ब्राँझ (आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यातली धातूची शिल्पं) जर्मनीने 2022 मध्ये नायजेरियाला परत द्यायला सुरुवात केली, तेही लोकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला म्हणूनच ना? एक जण म्हणतो हे कोणी बघूच नये, दुसरा म्हणतो हे आमचं आहे, कुठून उचललं ते तरी लिहा. दोघांना एकाच फॉर्मात कोंबू नका.

वाळवीचा_वैरी:
पटलं. फॉर्म करायला घेतो. पण आक्षेपवाला आपला मोठा देणगीदार असेल तर??

शेल्फ_नंबर_सात:
त्यालाही तोच फॉर्म. फक्त देणगीचा चेक आणि फॉर्म एकाच भेटीत घेऊ नका, लोक बरोबर जोडून बघतात.