युजरनेम नक्की कोणाच्या मालकीचं?

अर्धविराम:
गेल्या आठवड्यात सकाळी ॲप उघडलं तर माझ्या नावामागे अंडरस्कोर आणि चार आकडे चिकटलेले. अकरा वर्षं वापरलेलं हँडल, म्हणजे युजरनेम, गेलं. मेलमध्ये दोन ओळी, धोरणानुसार बदल केलाय, बस्स. का काढलं, कोणाला दिलं, काही पत्ता नाही. फॉलोअर आहेत, पोस्टी आहेत, मग बिघडलं काय असं दोघातिघांनी विचारलं. बिघडलं हे की अकरा वर्षांत लोकांनी मला जिथे जिथे टॅग केलंय तिथे ते नाव दाबलं की आता भलत्याच माणसाचं प्रोफाइल उघडतं, म्हणजे माझ्याशी झालेली बोलणी आता त्याच्या नावावर जमा. २०२३ च्या जुलैमध्ये ट्विटरचं एक्स झालं तेव्हा हेच झालं होतं. 'एक्स' हे हँडल २००७ पासून सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका फोटोग्राफरकडे होतं, कंपनीने ते सरळ घेतलं, पैसे नाहीत, कंपनीच्या नावाच्या वस्तू देतो आणि ऑफिस बघायला या एवढंच. मला हा अन्याय वाटतो. तुमचं मत सांगा.

खटपट्या:
वाईट वाटलं, पण मालकी तुमची कधीच नव्हती. साइन अप करताना ज्या अटींना आपण न वाचता हो म्हणतो त्यात हे लिहिलेलं असतं, नाव वापरायला दिलंय, विकलेलं नाही. आणि ते तसंच असावं असं मला मनापासून वाटतं. नाव ही मालमत्ता झाली की पहिल्याच दिवशी लोक हजारो नावं अडवून बसतील, वापरणार एकही नाही, फक्त भाव यायची वाट बघणार. छोट्या नावांचा बाजार किती घाणेरडा आहे बघा, २०२० मध्ये अमेरिकेत एका माणसाने आपलं हँडल द्यायला नकार दिला म्हणून एकाने खोटा फोन करवून त्याच्या घरी पोलीस धाडले, त्या धक्क्याने हार्ट अटॅक येऊन तो माणूस गेला. एका युजरनेमपायी!

रानजाई:
खटपट्या, ते सगळं विक्रीला बंदी असतानाच झालं ना? चोरबाजार अटींनी थांबला नाही, त्या अटींचा फटका बसला तो प्रामाणिक माणसाला. 'मेटाव्हर्स' नावाचं इन्स्टाग्राम अकाउंट आठवा. ऑस्ट्रेलियातल्या एका कलाकार बाईंचं, २०१२ पासूनचं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर फेसबुकने आपलं नाव मेटा केलं आणि काही दिवसांतच यांचं अकाउंट बंद, कारण काय तर म्हणे तुम्ही दुसऱ्याच कोणाचं सोंग घेताय. जवळपास दहा वर्षांचं काम गायब. वर्तमानपत्राने कंपनीला विचारलं तेव्हा कुठे महिन्याभराने परत मिळालं, चुकून झालं म्हणाले. ज्याच्यासाठी कोणी पत्रकार फोन करणार नाही त्याने काय करायचं?

खटपट्या:
चूक झाली तर सुधारलीच पाहिजे, त्यावर वाद नाहीच. पण चूक सुधारणं वेगळं आणि मालकी देणं वेगळं.

सांजवात:
कोर्टात काय चाललंय तेही बघा. एक ब्रायडल ड्रेस डिझायनर आणि तिची कंपनी यांच्यात इन्स्टाग्राम अकाउंटवरून भांडण होतं. त्यात २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अपील कोर्टाने म्हटलं की सोशल मीडिया अकाउंटची मालकी इतर मालमत्तेसारखीच ठरवा. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इन्फोवॉर्स या अमेरिकेतल्या वेबसाइटच्या दिवाळखोरीच्या लिलावात एक्सने हरकत घेतली की अकाउंटं आमची आहेत, ती विकता येणार नाहीत. आता धरायचं कोणतं?

रानजाई:
मला तर मालकी हा शब्दच इथे अडचणीचा वाटतो. मोबाइल नंबर तरी कुठे आपल्या मालकीचा असतो? तरी कितीतरी देशांत कंपनी बदलली तरी नंबर सोबत नेता येतो, कारण तसा नियम केला. कंपन्यांनी काय आपणहून दिलं नाही ते. डोमेनचंही, म्हणजे वेबसाइटच्या नावाचंही तसंच, दरवर्षी पैसे भरून ठेवायचं, पण कोणी हक्क सांगितला तर १९९९ पासून त्याची ठरलेली पद्धत आहे, तक्रार करा, बाजू मांडा, निकाल घ्या. हँडलला यातलं काहीच नाही. आधी नोटीस द्या, कारण सांगा, ऐकून घ्या, एवढं तरी?

खटपट्या:
नोटीस द्यावी, मान्य. पण कोट्यवधी अकाउंटं आहेत, प्रत्येकाची सुनावणी कोण घेणार? आणि बंद पडलेली नावं नव्या लोकांना नकोत का मिळायला? दहा वर्षं कोणी लॉगिनच केलं नाही तरी ते नाव अडकवून ठेवायचं?

अर्धविराम:
बंद पडलेलं खुशाल द्या हो. माझं चालू होतं, आदल्या रात्री पोस्ट टाकली होती मी. आणि सुनावणी कोट्यवधींची नाही घ्यायची, ज्यांचं चालू नाव तुम्ही स्वतः हिसकावताय तेवढ्यांचीच घ्या. ते किती असतील?

सांजवात:
टेक्निकल बाजूने सांगते. आतमध्ये प्रत्येक अकाउंटला एक नंबर असतो, नाव ही त्यावरची नुसती पाटी, म्हणून तर पाटी बदलली तरी फॉलोअर तुमच्याकडेच राहिले. मग जुने टॅग पाटीऐवजी त्या नंबरला जोडायला काय हरकत आहे? नाव दुसऱ्याला गेलं तरी तुमची जुनी बोलणी तुमच्याकडेच राहतील.

खटपट्या:
हे पटलं. नाव त्यांचं, पण ती बोलणी तुमची, ती दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचा हक्क कंपनीला नाही.

अर्धविराम:
दोन अपिलं केली, दोन्हींना तोच छापील मेल आला. आज तिसरं करतोय, त्यात नाव परत मागतोच आहे पण सांजवातचा टॅगचा मुद्दा सगळ्यात वर घातलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो.