घरचा जुना संगणक, सोसायटीची स्मरणिका आणि पेजमेकरचा आग्रह

कर्वेनगरकर

आमच्या सोसायटीला यंदा २५ वर्षं होतायत. ६४ पानांची स्मरणिका काढायची ठरलीय: पाव क्राउन आकार, आतली पानं एकरंगी, मुखपृष्ठ रंगीत. पानं घरीच लावायची, म्हणजे वर्गणीतले पैसे कागद आणि छपाईला उरतील. घरातला संगणक असा: कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज ७.

बैठकीत बहुतेकांचं एकच म्हणणं पडलं. "संगणक जुना आहे ना, मग पेजमेकर आणि श्रीलिपी टाका, पळेल." पेजमेकर म्हणजे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर, श्रीलिपी म्हणजे त्यात वापरायचे मराठी फाँट. पळेल, यात शंकाच नाही. पण मला हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो.

आपल्याकडे मजकूर कसा येतो ते बघा. लेख व्हॉट्सॅपवर येतात, मेलवर येतात, कुणी मोबाईलवर बोलून टाइप करतं. सगळा मजकूर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ची. तिला युनिकोड कळत नाही. म्हणजे आलेला प्रत्येक लेख आधी जुन्या फाँटच्या सांकेतिक अक्षरांत बदलायचा, आणि बदलताना कुठे रफार सरकला, कुठे जोडाक्षर फुटलं, हे बघत पुन्हा अथपासून इतिपर्यंत मुद्रितशोधन करायचं. एवढं करून जी पीडीएफ तयार होते, तिच्यात एखादं नाव शोधून सापडत नाही. सोसायटीच्या पहिल्या सेक्रेटरींचा लेख उद्या त्यांच्या नातीला घ्यायचा झाला, तर तिच्या हाती रोमन अक्षरांची गिचमीड येईल. स्मरणिका पुढच्यांसाठी काढतात. तिचा मजकूर असा कुलपात घालायचा कशाला?

माझा पर्याय: त्याच संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, आणि पानं लावायला स्क्रायबस १.६ हे सॉफ्टवेअर. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर नीट चालतं. हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली की असा संगणक ओळखू येत नाही, इतका फरक पडतो. स्क्रायबस मोफत आहे, सीएमवायके (छपाईचे चार रंग) कळतं, ब्लीड (कापायला सोडलेली जादा कड) आणि कटमार्कसह प्रेसला चालेल अशी पीडीएफ देतं. फक्त १.४ घेऊ नका, त्यात देवनागरी जुळत नाही, मात्रा-वेलांट्या सुट्या पडतात. २०१७ मध्ये १.५.३ पासून मजकूर मांडणारं इंजिन नवं आलं, तेव्हापासून मराठी नीट दिसतं. १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४ची.

पेजमेकरचा आग्रह धरणाऱ्यांनी आपली बाजू मांडावी. मला खरंच ऐकायची आहे.

नारायणपेठी जुळारी

मांडतो. मी पेजमेकर ५ पासून पानं लावतोय, आणि आजही आमच्याकडे निम्मं काम पेजमेकर, कोरल (चित्रं-जाहिराती करायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवरच होतं. जुनं आहे म्हणून वाईट, असं म्हणणाऱ्यांनी एकदा प्रेसमध्ये येऊन बसावं.

साहेब, तुम्ही लेखांचं बोललात, जाहिरातींचं काय? स्मरणिका जाहिरातींवर उभी राहते. पाव पान, अर्धं पान, आतलं कव्हर, सगळं कोरलच्या सीडीआर फाइलीत येतं. चौकातला मिठाईवाला तुम्हाला पीडीएफ करून देणार नाही, त्याच्या बोर्डवाल्याने दिलेली फाइलच पुढे ढकलणार. ती स्क्रायबसमध्ये उघडायला गेलात तर अक्षरं इकडची तिकडे होतील.

दुसरं म्हणजे ओपन फाइल, बदल करता येईल अशी मूळ फाइल. तुमची पीडीएफ आली की आमचा हात बांधला गेला. रात्री नऊ वाजता जाहिरातदाराचा फोन येतो, "मोबाईल नंबर बदललाय." पेजमेकरची फाइल असेल तर ऑपरेटर उघडतो, बदलतो, प्लेटला पाठवतो. पीडीएफमध्ये मराठी ओळ दुरुस्त करायला जा, शब्दच फुटतो. प्रेसमधल्या मुलाला स्क्रायबस माहीत नाही आणि तुमच्या ६४ पानांसाठी तो शिकणारही नाही.

आणि रूपांतराचा बाऊ करू नका. कन्व्हर्टर आहेत, आम्ही रोज वापरतो. रफार, 'ऱ्य', अवतरणचिन्हं, अशा ठरलेल्या जागीच चुकतं. माहीत असलं की शोधून बदलायला वेळ लागत नाही. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर कंपनी इथलीच, पुण्याची. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्थाही इथलीच, १९८८ची. मराठी छपाई संगणकावर आणण्यात या शहराचा मोठा वाटा आहे, आणि ते काम पेजमेकरच्या पानांवर झालं. श्रीलिपीत शीर्षकांसाठी जेवढी वळणं आहेत, तेवढी तुमच्या फुकट युनिकोड फाँटांत दाखवा.

शाळामास्तरीण

दोघांचंही वाचलं. मला वाटतं आपण उगाच मोठ्या हत्यारांवर भांडतोय. मी शाळेचं वार्षिक लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करत आले आहे, आणि आमचा संगणक कर्वेनगरकरांच्यापेक्षा नवा नव्हता. एकरंगी मजकूर, मध्ये छायाचित्रं, शेवटी विद्यार्थ्यांच्या याद्या. याला डीटीपीचं, म्हणजे पानं लावायचं, वेगळं सॉफ्टवेअर कशाला? शैली नीट लावल्या, शीर्षक, उपशीर्षक, मूळ मजकूर, लेखकाचं नाव, की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. स्क्रायबसमध्ये एक तक्ता करून बघा, मग बोला.

एक सूचना मात्र: विंडोज ७ वर राहणार असाल तर लिबरऑफिसची २५.८ आवृत्ती उतरवू नका, तिने विंडोज ७ चा आधार काढलाय. त्याआधीची घ्या.

कर्वेनगरकर

ताई, तक्त्यांचं मान्य. स्क्रायबसचे तक्ते कच्चेच आहेत. सभासदांची यादी मी लिबरऑफिसमध्ये करून पीडीएफ म्हणून पानात बसवणार आहे.

पण रायटरची एक अडचण आहे, ती काळ्या रंगाची. रायटरची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत निघते. काळं अक्षर दिसायला काळंच, पण प्रेसच्या यंत्रणेत ते चार रंगांत फुटू शकतं, आणि चार प्लेटा एकमेकींवर बसताना केसभर हलल्या तरी बारीक अक्षराला रंगीत कड येते. एकरंगी पानांना प्रेसमध्ये ग्रे करून घेता येतं, तिथे तुमचं बरोबर आहे. रंगीत पानावर मजकूर असेल तर मात्र मी रायटरवर विसंबणार नाही. शिवाय स्मरणिकेत एका पानावर दीड लेख, एक चौकट आणि खाली पाव पान जाहिरात असा प्रकार असतो. रायटरमध्ये वरच्या लेखात दोन ओळी वाढल्या की खालची चौकट पुढच्या पानावर जाते. स्क्रायबसमध्ये चौकट जिथे ठेवली तिथेच राहते.

जुळारीदादा, जाहिरातींचा मुद्दा मोलाचा आहे. मी जाहिरातदारांना फॉर्मवरच लिहून देणार आहे: पीडीएफ द्या, किंवा अक्षरं कर्व्ह करून (फाँटऐवजी नुसते आकार करून) द्या. ज्यांना जमणार नाही त्यांची सीडीआर मी तुमच्यासारख्याच कुणाकडून पीडीएफ करून घेईन, त्याचे पैसे देईन. त्या पाच-दहा फाइलींसाठी सगळा अंक जुन्या फाँटात अडकवणं मला पटत नाही.

नंबर बदलायचा म्हणाल तर रात्री नऊला मी घरीच असतो. तेवढं एक पान पुन्हा काढून पाठवीन. प्रेसने दुसऱ्याची फाइल उघडून बदल करण्यापेक्षा हे सुरक्षितच आहे, कारण मूळ फाइल आणि छापलेला अंक यांत फरक राहत नाही.

फाँटांचं: मुक्ता, बलू, नोटो, तिरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू. हे सगळे मोफत आणि छपाईला मोकळे आहेत. तिरोची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, तिच्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात. एका स्मरणिकेला याहून जास्त वळणं लागतात का? जुन्या सोसायट्यांचे अंक काढून बघा, पानागणिक शीर्षकाचं वळण बदललंय आणि वाचताना डोळा कुठेच ठरत नाही.

औंधचा वाचक

झीलाटेक या मोफत सॉफ्टवेअरचं नाव कुणीच घेतलं नाही. कोअर टू ड्युओला सगळ्यात हलकं तेच. मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचा, पानं ते आपोआप लावतं. युनिकोड पूर्ण, ओळी आणि समास उत्कृष्ट.

नारायणपेठी जुळारी

पुस्तकाला उत्तम. पण जाहिरातदार शेजारी उभा राहून "माझा लोगो जरा वर घ्या" म्हणतो, तेव्हा काय कराल? स्मरणिकेला नको.

पेठेतली पुस्तकवाली

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. "पेजमेकर टाका" म्हणजे कुठून टाकायचं? घरोघरी जे पेजमेकर आणि फाँट फिरतात, ते पेनड्राइव्हवरून मिळालेले, परवाना नसलेले असतात. जुळारी, तुमच्या दुकानात रीतसर घेतलेलं असेल, त्याबद्दल आदरच आहे. पण सोसायटीच्या नावाने छापायच्या अंकासाठी कमिटीने चोरीचं सॉफ्टवेअर वापरावं, हा सल्ला बैठकीत इतक्या सहज कसा दिला जातो? ज्या पुण्यात मराठी फाँट घडवणाऱ्यांनी पोट भरायचं, तिथे त्यांचंच काम फुकट उचलायचं, याचा मला राग येतो. विकत घ्या, नाहीतर मोफत म्हणून दिलेलं वापरा.

आणि पेजमेकरसाठी जुनं विंडोज एक्सपी ठेवा, असंही काहीजण म्हणतात, त्यांना: एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ला थांबल्या, विंडोज ७च्या १४ जानेवारी २०२०ला. घरचा संगणक, त्यावरच बँकेचे व्यवहार, त्यातच दहा जणांचे पेनड्राइव्ह. यात धोका किती आहे हे तरी सांगा ना लोकांना.

नारायणपेठी जुळारी

परवान्याचं बोलणं शंभर टक्के बरोबर. आमचं रीतसर आहे, डोंगल (परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. आणि आमचा एक्सपीचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही. घरी एवढं कुणी पाळत नाही, हेही खरं. म्हणूनच माझा सल्ला वेगळा आहे: पानं घरी लावूच नका. घरी लेख गोळा करा, शुद्धलेखन तपासा, छायाचित्रं निवडा आणि स्वच्छ मजकूर आमच्याकडे द्या. जुळणी हे हाताचं काम आहे. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकटं 'आहे.' उरू न देणं, दोन स्तंभांच्या तळओळी जुळवणं, हे सॉफ्टवेअर शिकवत नाही. तुम्ही स्क्रायबस शिकाल, अंक निघेलही, पण तो घरी केलेला दिसेल. पानामागे चार पैसे वाचवायला गेलात तर २५ वर्षांच्या अंकाचं रूप जाईल, याचं मला वाईट वाटतं.

कर्वेनगरकर

हाताचं काम आहे म्हणूनच ते लोकांनी शिकावं असं मला वाटतं, दादा. डीटीपीचा जन्मच त्यातून झाला. १९८५ मध्ये पेजमेकर आलं तेव्हा घरच्या टेबलावर पान लावता येतं हेच त्याचं आकर्षण होतं, आणि जुन्या खिळे जुळवणाऱ्यांनी त्यावर तुमच्यासारखाच आक्षेप घेतला असणार. आमच्या सोसायटीत दोन कॉलेजची मुलं यासाठी बसायला तयार आहेत. त्यांना आज पेजमेकर शिकवणं म्हणजे जे विकासच थांबलेलं सॉफ्टवेअर आहे, ते शिकवणं. तळओळी कशा जुळवायच्या ते तुम्ही येऊन दाखवा, मानधन ठरवू.

शाळामास्तरीण

हे चांगलं झालं. आता एक व्यावहारिक शंका. सोसायटीच्या १०व्या आणि १५व्या वर्षीचे अंक पेजमेकरमध्ये असतील, त्यांतले लेख पुन्हा घ्यायचे झाले तर?

कर्वेनगरकर

आहेत, सीडीवर. पेजमेकरच्या फाइली स्क्रायबस १.५ पासून पुढे आणि लिबरऑफिस ४.४ पासून पुढे उघडतात. चौकटी येतात, मजकूरही येतो, पण तो जुन्या फाँटच्या सांकेतिक अक्षरांत. तो युनिकोडमध्ये बदलावा लागेल आणि पूर्ण वाचावा लागेल. तेव्हाच मजकूर मोकळा ठेवला असता तर आज हे काम उरलं नसतं, माझा सगळा मुद्दा तोच आहे.

नारायणपेठी जुळारी

तेव्हा मोकळा ठेवायला साधन कुठे होतं? पेजमेकरला कळत नव्हतं आणि आमच्या हातात दुसरं काही नव्हतं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ला, त्याआधी आम्ही 'अ‍ॅड.' छापतच होतो. त्या काळच्या लोकांना दोष देऊ नका.

बाकी, तुमचं ठरलंच असेल तर एक करा. सगळा अंक लावून मग प्रेस शोधू नका. एक आठ पानांचा नमुना लावा: त्यात एक लेख, एक छायाचित्र, एक सीडीआरवरून आलेली जाहिरात आणि एक तक्ता असू दे. 'ऱ्य', 'र्व', 'द्ध', 'ॲ' असलेली एक ओळ मुद्दाम घाला. फाँट पीडीएफच्या आतच बसलेत (एम्बेड झालेत) का बघा, काळं फक्त काळ्या प्लेटवर आहे का बघा, छायाचित्र ३०० डीपीआय आहे का बघा. ती पीडीएफ ज्या प्रेसला काम देणार तिथे नेऊन प्लेटवाल्याला दाखवा. त्याने नाही म्हटलं तर मीही तुम्हाला वाचवू शकणार नाही.

कर्वेनगरकर

या रविवारी तोच नमुना लावतो. एक विचारायचं राहिलं: छपाईच्या पीडीएफच्या प्रकारांपैकी तुमच्या प्लेटवाल्याला एक्स-१ए चालते, की एक्स-४?

नारायणपेठी जुळारी

एक्स-१ए द्या. पारदर्शक छाया-बिया आधीच सपाट होऊन येतात, प्लेटवर भानगड होत नाही. आणि पान सुटं सुटं द्या, फॉर्म (एका तावावर छापायच्या पानांची मांडणी) आम्ही लावू. ६४ पानं म्हणजे १६चे चार बसतात, घरी जोडपानं करत बसू नका.

पेठेतली पुस्तकवाली

नमुन्याची पीडीएफ इथेही टाका. 'ऱ्य'ची ओळ मला बघायची आहे.