कठीण काळात देवावर भरवसा: तुमचे अनुभव लिहा

गिरणगावची लेक:
परवा बुधवारी माहीमला बस अडकली. सेंट मायकेल चर्चबाहेर नोव्हेनाची, म्हणजे कॅथलिकांच्या बुधवारच्या मारियामातेच्या प्रार्थनेची, नेहमीची रांग, आणि मला आई आठवली. आम्ही मराठी प्रॉटेस्टंट, नोव्हेना आमच्यात नसतो. पण जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबा घरी बसले, तेव्हा शेजारच्या ईस्ट इंडियन (मुंबईकडच्या मूळच्या कॅथलिक) मावशीबरोबर आई बुधवारी माहीमला जायला लागली. आजीला सांगायची, बाजारात चाललेय. येताना मेथीची जुडी आणायची, म्हणजे अगदीच खोटं नको!

रात्री आम्ही झोपलो की ती देवाशी भांडायची. बायबलमधलं तेरावं स्तोत्र तिचं आवडतं. त्यात दावीद सुरुवातीलाच "कोठवर, कोठवर" करत देवाला धारेवर धरतो. बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. आईचं भांडणही थांबलं नाही आणि प्रार्थनाही. मला तरी भरवसा म्हटलं की तेच आठवतं. तुमच्याकडे कसं होतं?

वसईकर:
आजीला ठाऊक असणार हो सगळं, दर बुधवारी कोण मेथी खातं 😄
माहीमचा नोव्हेना १९४८ पासूनचा. आमची आजी वसईहून पहिली लोकल पकडून जायची.

रात्रपाळी:
ड्युटीवरून आले, पटकन लिहिते. एप्रिल २०२१, पप्पा गेले. शिवडीच्या दफनभूमीत आम्ही मोजकीच माणसं, दादा गावी अडकलेला. नंतर कितीतरी दिवस मला प्रार्थनाच येईना. डोळे मिटले की ऑक्सिजनचा आकडा दिसायचा. पाळकसाहेबांच्या मिसेसना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "आमची चालू आहे ना, तू झोप." महिला मंडळाच्या बायका दाराबाहेर डबे ठेवून जायच्या. सगळ्या डब्यांत बटाट्याची भाजी. एकमेकींना विचारायचं तरी!

गिरणगावची लेक:
ताई 🙏 बटाट्यावर हसले आणि मग रडले.

दादर पश्चिम:
मी ख्रिस्ती नाही, पण माउंट मेरीला दरवर्षी जातो. बायकोच्या बाळंतपणात मेणाचं बाळ वाहिलं होतं. तिथे मेणाचं घर, हात, पाय, सगळं मिळतं. परदेशी जायचं असेल तर विमानसुद्धा. फक्त जत्रेच्या आठवड्यात गाडी नेऊ नका, बांद्रा स्टेशनवरून बस घ्या.

शंकेखोर:
राग मानू नका, खरंच विचारतोय. ज्यांचं माणूस बरं होत नाही, त्यांचा भरवसा कमी पडला असं समजायचं का?

मालाडची आई:
अजिबात नाही! मला हे तोंडावर सांगितलंय लोकांनी. मुलाचा आजार निघाला तेव्हा एका प्रार्थनासभेला नेलं होतं. तिथे एक गृहस्थ म्हणाले, घरात कुणाचा तरी विश्वास डळमळीत आहे म्हणून गुण येत नाही. मी मुलाला उचललं आणि निघाले, पुन्हा तिथे पाऊल ठेवलं नाही. बायबलमधलं ईयोबाचं, संकटांनी पिळलेल्या त्या भल्या माणसाचं, पुस्तक शेवटपर्यंत वाचा म्हणावं. इतकी तक्रार करूनही देव म्हणतो ईयोबच नीट बोलला, आणि रागावतो कुणावर, तर उपदेश पाजणाऱ्या मित्रांवर. वर त्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती पण ईयोबानेच.
औषध चालू आहे, उपासनेलाही जातो. देवावर चिडते मी, पण सोडलेलं नाही.

शंकेखोर:
हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. वाचतो.

वसईकर:
मालाडच्या आई, +१. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही बघा, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे. तरी ते बायबलमधून कुणी काढलं नाही.

दादर पश्चिम:
विषयांतर होतंय, पण ईस्ट इंडियन मावशींचा उल्लेख आला म्हणून विचारतो. बॉटल मसाला घरगुती कुठे मिळेल?

वसईकर:
उन्हाळ्यात मिरच्या वाळवून कुटतात, आता ज्यांच्याकडे उरलाय त्यांच्याकडेच. माझ्या ओळखीत आहे एक काकी. बिअरच्या बाटलीत भरून देतात, घरी नेताना सासऱ्यांना आधी सांगून ठेवा 😄

मालाडची आई:
सोमवारी मुलाचा रिपोर्ट आहे. जमलं तर आठवण ठेवा.

रात्रपाळी:
किती वाजता?

मालाडची आई:
साडेअकरा.

रात्रपाळी:
सोमवारी सुट्टीच आहे मला. सोबत कुणी हवं असेल तर सांगा, मी कांदिवलीलाच राहते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

दादर पश्चिम:
आम्हीही आठवण ठेवतो. वसईकर, काकींचा नंबर मलापण व्यनि करा.