अनुभव धागा: जुनी खेळदुनिया नव्या खोक्यात परत आली, घेतलीत का?

अनगोळकर
गणपतीच्या तोंडावर माळा काढला आणि ट्रंकेत झेरॉक्सचा गठ्ठा सापडला. स्पेलजॅमरची जहाजं! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, गोष्ट रचत खेळायच्या खेळातली १९८९ची दुनिया, जेफ ग्रबनं रचलेली. लाकडी जहाजं ग्रहांच्या मधल्या पोकळीत चालतात. मंत्र येणारा माणूस सुकाणूच्या खुर्चीवर बसला की जहाज उठतं.

आम्ही बेळगावात, वडगावला एका मित्राच्या माडीवर खेळायचो. भिंतीपलीकडे माग. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, राक्षसाचं वर्णन करायला लागला की खटाक-खट खटाक-खट, मग तो ओरडून सांगणार आणि राक्षसाची सगळी भीती जाणार. लाईट गेली की माग बंद, तेव्हा कुठं मेणबत्तीत खरा खेळ. दोघं कन्नड घरातले होते, त्यामुळं वीस बाजूंचा फासा विसावर पडला की सगळे मिळून "इप्पत्तु!" खालून काकू विचारायच्या, कोण आऊट झाला रे?

तर ही दुनिया २०२२ मध्ये खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत परत आली. तीन पुस्तकं, डीएमचा पडदा, नकाशा. अमेरिकेतली छापील किंमत ६९.९९ डॉलर, आपल्याकडं येईपर्यंत किती होतंय ते तुम्हीच बघा. घ्यावं की नको, ठरेना झालंय. ड्रॅगनलान्स, प्लेनस्केप, रेव्हनलॉफ्ट या खेळाच्या बाकीच्या जुन्या दुनिया, जे कोणी असं परत घेतलंय त्यांनी लिहा. खेळलात, की कपाटात आहे?

निपाणीचा गडी
कपाटात.

निपाणीचा गडी
बस चुकली म्हणून आता सविस्तर लिहितो. तीन पुस्तकं म्हटलं की लई वाटतंय, खरं प्रत्येक ६४ पानांचं. मांड्यासारखं काम आहे गा, घडी एवढी मोठी आणि उलगडली की आरपार दिसतंय. एकात पात्रं आणि जहाजं, एकात प्राणी, एकात साहस. चित्रं एक नंबर, त्यात वाद नाही. गिफ म्हणजे पाणघोड्याच्या तोंडाचे बंदूकवाले शिपाई, ते बघूनच माझे पैसे गेले.

खरं जहाजांची लढाई कुठाय? दोन जहाजं समोरासमोर आली की बॅलिस्टा, म्हणजे दांडगा बाण, मारा, जवळ या, उडी टाका, तलवारी काढा. संपलं. जुन्या संचात जहाज वळवायचं कसं, धडक द्यायची कशी, सगळ्याचे नियम होते. जहाजांच्या खेळात जहाजच नुसतं रिक्षासारखं वापरायचं, तर मग कशाला?

शहापूरची अक्का
गडी, तुमची बस कुठली? संकेश्वरला रस्ता खोदलाय म्हणे, पाहुणे येणार आहेत उद्या.

निपाणीचा गडी
अक्का, संकेश्वरचं माहीत नाही, मी चिकोडीकडं चाललोय.

खानापुरी
माझा राग वेगळाच आहे. जुन्यात प्रत्येक सूर्यमालेभोवती स्फटिकाचं कवच असायचं आणि कवचांच्या मध्ये फ्लोजिस्टन, रंगीत आणि ज्वालाग्राही. तिथं साधी काडी ओढली तरी भडका. आमच्या एका मांत्रिकानं तिथं फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकला होता. पात्र मेलं, नवीन कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राचा कागद, करायला पुढचा रविवार उजाडला. हे सगळं काढून त्या जागी अॅस्ट्रल सी नावाचा मोकळा पसारा घातलाय. खेळायला सोपं आहे, मान्य. पण ज्या वेडेपणासाठी आम्ही ही दुनिया धरली होती, तोच गेला.

शहापूरची अक्का
म्हणजे त्या प्रवासात चूल पेटवायची नाही? मग जेवायचं काय, दशम्या?

(आम्ही बायकाही खेळतो हं. शनिवारी दुपारी पोरं ट्यूशनला गेली की. पुस्तक एकही विकत घेतलेलं नाही. २०२३च्या जानेवारीत मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केलाय, तेवढ्यावर चाललंय. दुनिया माझी मीच केली, राजा राजहंसगडावर राहतो आणि त्याची सासू त्याच्यावर राज्य करते.)

अनगोळकर
अक्का, ही सासू कुठल्या लेव्हलची?

शहापूरची अक्का
तिला लेव्हल लागत नाही.

कॉलेज रोड
दादा लोक, मी बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेममुळं आलोय इकडं. सुरुवातीला ज्या शेपट्यावाल्या जहाजात जाग येते ते नॉटिलॉइड स्पेलजॅमरमधलंच आहे हे मला गेम संपल्यावर कळलं. मग खोका घेतला. मला जुनं काही माहीतच नाही, त्यामुळं काय गेलं याचं दुःख पण नाही 😄 आमचा ग्रुप नवीनच होता, साहस पाचव्या लेव्हलपासून सुरू होतं. त्याआधीसाठी स्पेलजॅमर अकॅडमी नावाची छोटी साहसं डीअँडडी बियाँड या साइटवर फुकट दिली होती, ती आधी खेळलो. मजा आली. शेवट घाईत उरकल्यासारखा वाटला, ते आमच्या डीएमनं ताणलं.

आणि ते प्राण्यांचं पुस्तक बू नावाच्या हॅमस्टरच्या नावावर आहे, हे कोणीच कसं सांगितलं नाही??

निपाणीचा गडी
सांगायचं काय त्यात. बू पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये १९९८ला आला. अवकाशातले ते दांडगे हॅमस्टर त्याच्याही आधीचे, स्पेलजॅमरमधलेच. जहाजाचं यंत्र फिरवायला बुटक्यांनी पाळलेले. तुम्ही पोरं आत्ता आलासा.

टिळकवाडी
घेणारच असाल तर एक बघून घ्या. पहिल्या छपाईत हडोझी या जमातीची पार्श्वभूमी गुलामगिरीची दाखवली होती. टीका झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये प्रकाशकांनी माफी मागितली, डिजिटल प्रतीतून तो मजकूर काढला आणि पुढच्या छपाईतूनही काढणार म्हणाले. स्वस्तात सेकंडहँड मिळालं तर बहुधा पहिलीच छपाई असेल. पोरांबरोबर खेळणार असाल तर तेवढं पान आधी वाचा.

माझं स्वतःचं म्हणाल तर प्लेनस्केप, २०२३चं. तेही तीन पुस्तकं आणि खोका. ऑनलाइन मागवलं, खोक्याचा कोपरा चेपून आला, परत करायला गेलो तर "आतलं बरं आहे ना?" बरं होतं. सिजिल हे शहर उभ्या चाकाच्या आतल्या बाजूला वसलंय, मान वर केली की समोरच्या गल्लीची कौलं दिसतात. फक्त त्या शहरासाठी मी परत पैसे देईन. वाचतोच जास्त. खेळायला माणसं कुठायत?

खानापुरी
माणसंच नाहीत, हेच तर. आमच्यातला एक पुण्यात, एक दुबईला, डीएम आता हुबळीला बँकेत. व्हिडिओ कॉलवर बसलो होतो मध्ये. अर्धा वेळ "आवाज येतोय का"मध्ये गेला आणि उरलेला मुलांच्या अॅडमिशनमध्ये.

डार्क सन कधी
डार्क सन, ती १९९१ची वाळवंटाची दुनिया आणा, मग बोलू. बाकी सगळं नको.

शहापूरची अक्का
वाळवंट कशाला, मे महिन्यात अथणीला या.

अनगोळकर
😂 वाचलं सगळं. माझं असं ठरलंय. जुन्या संचाची पीडीएफ ड्राइव्हथ्रूआरपीजी या साइटवर रीतसर मिळते, नव्या खोक्याच्या मानानं पैसे अगदीच किरकोळ. ती घेतो. जहाजांची लढाई त्यातून, पात्रांचे नियम पाचव्या आवृत्तीचे, आकड्यांची तोडमोड मी करतो. नवा खोका सध्या नको. कॉलेज रोड, तुझा मात्र आठवडाभर दे, चित्रं तरी बघू दे.

कॉलेज रोड
देतो की काका. खरं चहाचा कप त्याच्यावर ठेवायचा नाही.

टिळकवाडी
तोडमोड करताय तर मला पण घ्या. बसायला आमच्या घरी जागा आहे, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ. रविवारी दहाला?

खानापुरी
दहाला मी नंदगडात असतो, बाजार नसेल तर येतो. अकरा करा.

शहापूरची अक्का
रविवारी आमच्याकडं पाहुणे. शनिवार बघा की कोणीतरी. आणि टिळकवाडी, गेट पडलं की किती वेळ जातो तिथं? रिक्षावाला आतच यायला तयार होत नाही.