भंगारातली ७.५ एचपी स्लिपरिंग मोटर लाकडी घाण्यासाठी: रिंगा शॉर्ट करू का?

पाथर्डी_घाणा
अंबड लिंक रोडला भंगारात बिडाच्या बॉडीची जुनी स्लिपरिंग मोटर मिळाली (रोटरची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, वाइंडिंग तीन रिंगा आणि कार्बनच्या ब्रशमधून बाहेर काढलेली). सोबत रोटरला रेझिस्टन्स जोडणारा हँडलचा स्टार्टर आहे, तेलात बुडवलेला. पाटी घासून वाचली: ७.५ एचपी, ४००/४४० व्होल्ट डेल्टा, ११.५ अँप, १४३० आरपीएम, रोटर १८० व्होल्ट १९ अँप. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, ०.८ मेगओम, रोटर ०.२. शाफ्ट हाताने फिरतो, पण पुलीच्या बाजूला वरखाली किंचित हलतो. एका रिंगेला नखाला लागेल एवढी खाच आहे.

दोन लाकडी घाणे एकाच शाफ्टवर चालवायचेत. थ्री फेज कनेक्शन १० एचपीचं आहे. वाइंडिंगवाला म्हणतो, ब्रश काढून टाका, रिंगा शॉर्ट करा, स्टार-डेल्टा लावा (आधी स्टार जोडणीत सुरू, वेग आल्यावर डेल्टा). करू का तसं?

रिवाइंड_सातपूर
अजिबात नको. स्टारमध्ये मोटरला ताकद मिळते डेल्टाच्या एक तृतीयांश. दुपारी लाइट गेली की घाण्यात अर्धवट दळलेला शेंगदाणा आणि पेंड घट्ट बसते. तो भरलेला घाणा स्टारमध्ये उचलणारच नाही, मोटर नुसती घुमत राहील. स्लिपरिंगचा मोठा फायदाच हा की रोटरमध्ये रेझिस्टन्स घातला की करंट कमी आणि ताकद जास्त, दोन्ही एकदम मिळतं. तेच काढून टाकायचं असेल तर साधी, रिंगा-ब्रश नसलेली स्क्विरल केज मोटर घ्यायची होती.

मेगर कमी आलाय म्हणून लगेच रिवाइंडला टाकू नका. आधी रोटर बाहेर काढा. रिंगांच्या मधल्या इन्सुलेशनवर आणि ब्रश होल्डरच्या पिनांवर कार्बनची काळी भुकटी बसलेली असते, रोटरचं ०.२ बहुतेक तिच्यामुळेच. ती व्हॅक्यूमने ओढून घ्या. कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर भुकटी वाइंडिंगच्या आत शिरते आणि ओलसर हवाही जाते. मग कॉन्टॅक्ट क्लीनर आणि सुती फडकं. पेट्रोल नको.

नंतर सुकवणं. स्टेटरच्या पोकळीत २०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब सोडा. काच वाइंडिंगला टेकू देऊ नका. वरून गोणपाट टाका आणि वाफ जायला फट ठेवा. वाइंडिंगचं तापमान ८० ते ९० अंश, त्यावर नाही, आणि तिथपर्यंत चार-पाच तास घेत चढवा. घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होऊन जुनं इन्सुलेशन फोडते. दर दोन तासांनी एक मिनिट मेगर धरून आकडा लिहा. सुरुवातीला तो आणखी खाली जाईल, घाबरू नका, गरम इन्सुलेशन कमीच दाखवतं. मग तो वर चढायला लागतो आणि एका जागी थांबतो. चार तास हलला नाही की झालं. थंड झाल्यावर ५ मेगओमच्या वर हवा. जुन्या मोटरला १० मिनिटांचा आकडा १ मिनिटाच्या दुप्पट आला तर छानच. वॉर्निश मोटर कोमट असतानाच.

टर्मिनलपर्यंत येणाऱ्या लीड वाकवून बघा. जुनी रबरी असतील तर आवरण बिस्किटासारखं तुटेल. ४ स्क्वेअर एमएमच्या नव्या लीड, फायबरग्लास स्लीव्ह घालून.

बेअरिंगचा नंबर जुन्यावरूनच घ्या. पुलीच्या बाजूला एनयू मालिकेचं रोलर निघालं तर त्याजागी बॉल बेअरिंग टाकू नका, पट्ट्याचा ताण रोलरच झेलतं. ग्रीस अर्ध्या जागेत. ठासून भरलं की तापतं.

लेथ_अंबड
खाचेबद्दल. रोटर लेथवर त्याच्याच सेंटरवर धरा, तिन्ही रिंगा बारीक कटने सारख्या करा, शेवटी पॉलिश. डायल लावून गोलाई बघा, ०.०५ मिमीच्या आत बसवा. नाहीतर ब्रश उड्या मारतो, ठिणगी पडते आणि महिन्याभरात तीच खाच परत.

ब्रश नवे घातले तर रिंगेच्या गोलाईला बसवावे लागतात. रिंगेवर काचेचा पॉलिशपेपर गुंडाळा, खडबडीत बाजू ब्रशकडे, आणि ब्रश स्प्रिंगखाली असताना रोटर हाताने फिरवा. तोंडाचा बहुतेक भाग घासून चमकला पाहिजे. एमरी पेपर वापरू नका. त्याचे कण ब्रशमध्ये रुततात आणि रिंग कापतात. होल्डरमध्ये ब्रश स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे.

पॅनेल_सिन्नर
स्टार्टरचा हिशोब. रोटर १८० व्होल्ट १९ अँप, म्हणून १८० भागिले (१.७३ गुणिले १९), साधारण ५.५ ओम. दर फेजला एवढा रेझिस्टन्स असेल तर थांबलेल्या मोटरला जवळपास फुल लोडची ताकद मिळते. दीडपट हवी तर ३.६ ओम. तुमच्या घाण्याला दीडपट धरा. त्यावेळी दर फेजमध्ये सुमारे ३ किलोवॅट उष्णता होते, म्हणून हँडल 'रन'पर्यंत चढवायला १० ते १५ सेकंद, आणि लागोपाठ तीन-चार वेळा स्टार्ट करायचा नाही. हँडल मध्येच अर्ध्यावर ठेवून वेग कमी करायची सवय असते काहींना. स्टार्टरचा रेझिस्टन्स त्यासाठी नसतो, जळतो.

स्टेटरला साधा डीओएल (थेट लाइनवर जोडणारा) स्टार्टर, ओव्हरलोड रिले ११.५ अँपला. (स्टार-डेल्टा असता तर रिले ०.५८ पट, ६.७ ला. हा आकडा लोक हमखास चुकवतात.) हँडलच्या 'स्टार्ट' जागेवरचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या स्टार्ट बटणाच्या सिरीजमध्ये घ्या, होल्डिंग संपर्काच्या वाटेत नको, नाहीतर हँडल हलवताच मोटर बंद पडेल. हँडल 'रन'ला असताना लाइट आली आणि मोटर थेट उचलली, असं होता कामा नये. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) घाला. बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग.

तेल काढून टाका, टाकी पुसा, नवं ट्रान्सफॉर्मर ऑइल खुणेपर्यंत. तांब्याचे संपर्क बारीक कानशीने साफ करा. चांदीचे असतील तर काळे दिसले तरी घासू नका, चांदीचा काळा थर करंट वाहू देतो. आत राखाडी सिमेंटसारखी पाटी किंवा पांढरी दोरी असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस समजा. कोरडा ब्रश, ग्राइंडर चालणार नाही, ओल्या फडक्याने पुसा. सोबत जुना तेलाचा कपॅसिटर आला असेल तर उघडू नका, आत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, विषारी तेल) असू शकतं. २०१६ च्या केंद्राच्या आदेशाने त्याच्या वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली.

ड्राइव्हवाला
रिंगा शॉर्ट करून व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह) लावला तरी दीडपट ताकद मिळते आणि वेगही हातात येतो.

रिवाइंड_सातपूर
मिळते, पण शॉर्ट रिंगांवर करा, ब्रशच्या पलीकडे नाही. आणि वाइंडिंगच्या तारेवरचं जुनं इनॅमल व्हीएफडीच्या व्होल्टेजच्या उंच उसळ्यांना बनवलेलं नाही. केबल आखूड आणि आउटपुट चोक हवा. हातात चालू स्टार्टर असताना तो खर्च कशाला?

पाथर्डी_घाणा
सगळं केलं. स्टेटर १४ मेगओम, रोटर ९. रोटर उघडा ठेवून थेट रिंगांवर व्होल्टेज घेतलं: १७९, १८०, १७९. पण पट्टा चढवून चालवली की घरघर करत ७०० च्या आसपास अडकते, हँडल 'रन'ला नेलं तरी.

पॅनेल_सिन्नर
अर्ध्या वेगावर अडकणं म्हणजे रोटरचा एक फेज उघडा. तिन्ही रिंगांना व्होल्टेज सारखं आहे म्हणजे वाइंडिंग ठीक. दोष रिंगेच्या पुढे: अडकलेला ब्रश, त्याची तांब्याची वेणीची तार, केबल किंवा स्टार्टर. मेन बंद करा आणि स्टार्टरकडच्या तिन्ही रोटर केबल काढा. न काढता मोजलंत तर करंटला दुसऱ्या फेजमधून वाट मिळते आणि सगळंच जोडलेलं दिसतं. मग प्रत्येक रिंगेपासून तिच्या केबलच्या मोकळ्या टोकापर्यंत मोजा. तिथे ठीक आलं तर स्टार्टरची तीन टर्मिनलं एकमेकांत, हँडलच्या प्रत्येक पायरीवर.

पाथर्डी_घाणा
मधला ब्रश. होल्डरमध्ये वॉर्निशचा थेंब वाळून बसला होता. आता १४४० ला जाते.